गव्हाची मैत्री आणि धुऱ्यावरचे गवत

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात पोळ्याच्या सुमारास पऱ्हाटी कमरेला लागते, तुरीच्या ओळी तिच्यामधून डोके वर काढतात, आणि त्याच दिवसांत शेताच्या धुऱ्यावर, पांदणीच्या दोन्ही कडांना आणि गावालगतच्या पडीक जागांवर एका परक्या वनस्पतीचा पांढरा फुलोरा दाटून उभा राहतो. तिची पाने गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली असतात आणि फुले ज्वारीच्या दाण्याएवढी, पाच कोनांची असतात. प्रत्येक फुलात साधारणतः पाच बिया धरतात आणि एका जोमदार झाडाला दहा हजारांहून अधिक बिया येऊ शकतात. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस असे आहे. मराठी मुलखात तिला गाजर गवत, चटक चांदणी, पांढरी फुली असे म्हणतात, आणि सर्वांत रूढ असलेले नाव आहे काँग्रेस गवत. फुलांचा रंग काँग्रेस कार्यकर्त्यांच्या पांढऱ्या टोपीसारखा म्हणून हे नाव पडले, असे कोणी सांगतात. काँग्रेस राजवटीत हे तण आले म्हणून पडले, असे दुसरे सांगतात. परंतु या दोन्ही स्पष्टीकरणांच्या जोडीला एकच समज ऐकू येतो, तो असा की हे गवत अमेरिकेने पाठवलेल्या गव्हाबरोबर भारतात आले. हा समज कितपत खरा, हा प्रश्न पुढे येईलच. परदेशी जनतेचे मन जिंकण्यासाठी एका बलाढ्य राष्ट्राने दोन दशके जे धान्य पाठवले, त्याची आठवण त्या धान्याने पोट भरलेल्या समाजाने एका तणाच्या रूपात जपली, ही गोष्ट मात्र इतिहासकाराने गंभीरपणे घ्यावी अशी आहे.

एका देशाच्या सरकारने दुसऱ्या देशाच्या सरकारशी वकिलातीमार्फत बोलणे हा राजनयाचा जुना प्रकार होय. त्या सरकारला ओलांडून थेट तेथील लोकांपर्यंत पोचणे, प्रदर्शने, नियतकालिके, ग्रंथालये, शिष्यवृत्त्या, नभोवाणी आणि मदतकार्य यांच्या द्वारे त्यांच्या मनात आपल्याविषयी सद्भाव निर्माण करणे, आणि त्या सद्भावाचा परराष्ट्र धोरणाला उपयोग करून घेणे, याला सार्वजनिक राजनय म्हणतात. या अर्थाने ही संज्ञा १९६५ मध्ये एडमंड गुलियन या अमेरिकी मुत्सद्द्याने रूढ केली, पण व्यवहार त्याआधीच जोरात सुरू होता. शीतयुद्धाच्या काळात, म्हणजे अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी रणांगणाऐवजी जगाच्या मतावर हक्क सांगण्याची स्पर्धा चालवली होती त्या काळात, नव्याने स्वतंत्र झालेला आणि कोणत्याही गटात न गेलेला भारत हा दोघांच्याही दृष्टीने मोठा श्रोता होता. या श्रोत्याला भूक होती आणि अमेरिकेच्या कोठारांत गहू साठून राहिला होता, आणि या दोन गोष्टींच्या मेळातून आपली कथा सुरू होते.

तिची पहिली पायरीच अडखळणारी निघाली. १९५० साली देशाच्या अनेक भागांत पीक बुडाल्यावर भारताने अमेरिकेकडे २० लाख टन धान्य मागितले. अध्यक्ष ट्रुमन यांचे सरकार अनुकूल होते, परंतु अमेरिकी संसदेत महिनोन्‌महिने चर्चा चालली. कोरियाच्या युद्धात भारताने अमेरिकेची बाजू का घेतली नाही, नेहरू चीनविषयी मवाळ का बोलतात, धान्याच्या बदल्यात भारताकडून खनिजे का मिळू नयेत, असे प्रश्न तेथील प्रतिनिधींनी उघडपणे विचारले आणि ते भारतीय वृत्तपत्रांत छापून आले. मधल्या काळात चीन आणि सोव्हिएत संघ यांनी तुलनेने थोडेच धान्य देऊ केले, पण ते चर्चेविना दिले आणि त्यांच्या जहाजांचे बंदरात स्वागत झाले. १५ जून १९५१ रोजी अमेरिकी कायदा मंजूर झाला आणि १९ कोटी डॉलरचे गहू-कर्ज मिळाले, तेव्हा धान्य मिळाल्याच्या समाधानात अपमानाची कडवट चवही मिसळलेली होती. लोकशाही देशाला आपल्या दातृत्वाची चर्चा उघड्यावर करावी लागते, आणि ती चर्चा ज्याला द्यायचे तोही ऐकत असतो, ही सार्वजनिक राजनयाची अंगभूत अडचण पहिल्याच प्रसंगी दिसून आली. या कर्जाच्या व्याजातील ५० लाख डॉलर भारतीय विद्यापीठांसाठी पुस्तके, प्रयोगशाळांची साधने आणि अभ्यासकांची देवघेव यांवर खर्च करावेत, अशी एक तरतूद त्या कायद्यात होती. तिच्याकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

१० जुलै १९५४ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ज्या कायद्यावर सही केली तो पुढे ‘पीएल ४८०’ या नावाने भारतातील खेड्यापाड्यांत माहीत झाला. ‘सार्वजनिक कायदा क्रमांक ४८०’ एवढाच या अक्षरांचा अर्थ. त्याची मूळ प्रेरणा अमेरिकेच्या घरगुती अर्थकारणात होती. तेथील सरकार शेतकऱ्यांना आधारभाव देत असल्याने गहू, कापूस, मका यांचे प्रचंड साठे सरकारी गोदामांत पडून होते. हे शिलकी धान्य ज्या देशांकडे डॉलर नाहीत त्यांना त्यांच्याच चलनात विकावे, आणि मिळालेल्या पैशाचा मोठा भाग त्याच देशात कर्जरूपाने वा अनुदानरूपाने खर्च करावा, ही त्यातली मुख्य युक्ती होती. भारताने या कायद्याखालील पहिला करार २९ ऑगस्ट १९५६ रोजी केला. त्यात गहू आणि तांदूळ होताच, शिवाय कापूसही होता. घाटंजीसारख्या, ज्याचे वर्षाचे गणित कापसाच्या भावावर बसते अशा मुलखाच्या दृष्टीने ही नोंद महत्त्वाची आहे. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता, वऱ्हाडातला कापूस आखूड-मध्यम धाग्याचा होता, त्यामुळे दोहोंची थेट स्पर्धा नव्हती असे समर्थन करता येईल. तरीही कापूस पिकवणाऱ्या देशात मैत्रीच्या नावाने कापूस यावा, हे शेतकऱ्याच्या बाजूने पाहणाऱ्याला सहज पटणारे नाही.

या धान्याला मैत्रीचा पोशाख चढवण्याचा सर्वांत भव्य प्रसंग १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत घडला, आणि त्याचा सूत्रधार वऱ्हाडचा होता. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे १८९८ मध्ये जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख तेव्हा केंद्रीय अन्न व कृषी मंत्रालयात कृषी खात्याचे काम पाहत होते, आणि त्यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या भारत कृषक समाजाने जागतिक कृषी प्रदर्शन भरवले होते. भारतीय शेतकऱ्याने जगातील शेती स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी आणि त्यातले आपल्या रानाला मानवेल ते उचलावे, ही पंजाबरावांची साधी आणि मोठी इच्छा होती. भाताच्या जपानी पद्धतीचा प्रचारही त्यांनी याच निष्ठेने केला होता. परंतु ज्या राष्ट्रांनी तेथे मंडप उभारले त्यांचे हेतू वेगळे होते. ११ डिसेंबर १९५९ रोजी आयझेनहॉवर स्वतः उद्घाटनाला आले आणि अमेरिकेच्या दालनाला ‘अमरीकी मेला’ असे हिंदी नाव देऊन अन्न, कुटुंब, मैत्री आणि स्वातंत्र्य ही चार सूत्रे त्याच्या दर्शनी ठेवण्यात आली. सोव्हिएत संघाचे दालनही जवळच होते. शेतकऱ्यांच्या शाळेसाठी आखलेल्या पटांगणात दोन महासत्तांनी आपापला दरबार भरवला. पंजाबरावांच्या कल्पनेला यामुळे बाधा आली असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण हजारो शेतकऱ्यांनी तेथे खरोखर काही शिकून घेतले; पण मुळातला प्रश्न मात्र झाकला गेला. शेतकऱ्याला अधिक पिकवायला शिकवायचे की त्याच्या वाट्याचे धान्य बाहेरून आणायचे, या दोन वाटा एकाच मंत्रालयात एकमेकींशेजारी चालत होत्या.

त्यांपैकी दुसऱ्या वाटेचे नेतृत्वही मराठी माणसाकडेच होते. मुंबईचे काँग्रेस नेते स. का. पाटील १९५९ मध्ये केंद्रीय अन्न व कृषिमंत्री झाले, आणि ४ मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तीनच दिवस झाले असताना, त्यांनी वॉशिंग्टनमध्ये आयझेनहॉवर यांच्यासह तोवरच्या सर्वांत मोठ्या धान्य करारावर सही केली. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ, एकूण किंमत सव्वाशे कोटी डॉलरहून अधिक. पाटलांची भूमिका समजून घेण्याजोगी होती. भाव चढला की गरिबाला उपाशी झोपावे लागते, साठेबाजाला धाक बसवायचा तर सरकारच्या कोठारात भरपूर राखीव धान्य हवे, असा त्यांचा हिशेब होता, आणि शहरी ग्राहकाच्या दृष्टीने तो चुकीचाही नव्हता. अमेरिकेच्या बाजूने याच काळात ‘शांततेसाठी अन्न’ हे घोषवाक्य रूढ झाले, अध्यक्ष केनेडी यांनी १९६१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कार्यालय काढले, आणि १९६० च्या अखेरीस दिल्लीहून सुरू झालेले ‘स्पॅन’ मासिक अमेरिकी जीवनाची रंगीत चित्रे भारतीय वाचकांच्या घरी पोचवू लागले.

एवढी सारी उभारणी करूनही हे धान्य ज्याच्या ताटात पडले त्याच्या मनात अमेरिकेची प्रतिमा उजळली नाही, आणि याचे कारण वाटपाच्या साध्या रचनेत सापडते. फुकट वाटल्या जाणाऱ्या दूध-पावडरीच्या वा पोषक आहाराच्या पोत्यांवर हस्तांदोलनाचे चिन्ह असे. शाळेतल्या मुलांना ते दिसत असे. पण रुपयांत विकलेला गहू बराचसा जहाजाच्या पोटात सुटाच येई, बंदरावर पोत्यांत भरला जाई, सरकारी गोदामांतून मालगाडीने जिल्ह्याला, तेथून ट्रकने तालुक्याला आणि मग रास्त भावाच्या दुकानात पोचे. तिथवर येईतो त्याच्यावरचा देणाऱ्याचा शिक्का पुसलेला असे आणि तो केवळ ‘रेशनचा गहू’ झालेला असे. ग्राहकाच्या हिशेबी त्याचा दाता रेशन दुकानदार होता, फार तर सरकार होते. परंतु तो गहू लालसर निघाला, त्याची पोळी चिवट झाली, त्याला कुबट वास आला, की तो एकदम ‘अमेरिकेचा गहू’ होई. श्रेय वाटेत गळून पडावे आणि दोष तेवढा मुक्कामापर्यंत पोचावा, असा हा वाटपाचा मार्ग होता.

मिलोच्या बाबतीत हे अधिकच तीव्रतेने घडले. मिलो ही अमेरिकेत पिकणारी ज्वारी. १९६५-६६ च्या टंचाईत ती मोठ्या प्रमाणावर आली आणि महाराष्ट्रातील रेशन दुकानांतून वाटली गेली. तिचा दाणा तांबूस, भाकर काळपट आणि थापताना तुटणारी. वऱ्हाडातल्या घरात ज्वारी हे केवळ धान्य नव्हते. तिचा दाणा माणसाला, कडबा बैलाला, आणि हुरड्यापासून कण्यांपर्यंत तिचे वर्षभराचे सारे रूप घराच्या रीतीत बसलेले होते. पांढऱ्याशुभ्र दाण्याची ज्वारी पिकवणाऱ्या लोकांच्या हातात तांबडी मिलो आली, आणि तिच्या मागोमाग ही ज्वारी अमेरिकेत गुरांना घालतात ही बातमीही आली. बातमी खरी होती, कारण अमेरिकेत ज्वारी मुख्यतः पशुखाद्य म्हणूनच पिकवतात. त्या धान्याने अनेक घरांतली चूल पेटती ठेवली, हेही तितकेच खरे आहे, आणि ते मान्य करण्यात कोणताही कमीपणा नाही. पण ज्या पिढीने रांगेत उभे राहून मिलो घरी आणली तिच्या बोलण्यात आजही त्या शब्दाला लाचारीचा वास आहे, आणि अन्नाच्या बाबतीत चव ही कृतज्ञतेहून अधिक काळ टिकते.

अर्थशास्त्रज्ञांनी धोक्याची सूचना आधीच दिली होती. स्वस्त परदेशी धान्याचा पुरवठा झाला की घेणाऱ्या देशातील धान्याचे भाव दबतात, शेतकऱ्याला अधिक पिकवण्याचे कारण उरत नाही आणि सरकारलाही शेतीत पैसा घालण्याची निकड वाटत नाही, असे थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्ये मांडले. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी त्याहीपूर्वी, १९५६ मध्ये, शिलकी अन्नाचा विकासासाठी उपयोग कसा करता येईल याचा विचार मांडला होता. अशा धान्याने नव्याने काम मिळालेल्या मजुरांची वाढीव भूक भागवली तर देशी बाजाराला धक्का न लावता ते वापरता येईल, असा या विचारामागचा तर्क होता. भाव नेमके किती दबले यावर पुढे बराच वाद झाला. कोरडवाहू शेतकऱ्याचे नुकसान आकड्यांत मोजणे कठीण असले तरी धोरणाचे तोंड कोणत्या दिशेला वळले होते हे स्पष्ट आहे: गोदी आणि गिरणी जिथे होती त्या शहराची भाकरी स्वस्त राहिली, आणि ती पिकवणारा मुलूख दुर्लक्षित राहिला.

१९६५ आणि १९६६ या सलग दोन वर्षी पावसाने दगा दिला. १९६४-६५ मध्ये सुमारे ८ कोटी ९० लाख टन असलेले देशाचे अन्नधान्य उत्पादन पुढच्या वर्षी ७ कोटी २० लाख टनांच्या आसपास घसरले आणि १९६६ मध्ये आयात एक कोटी टनांच्या वर गेली. अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा सुमारे पाचवा हिस्सा त्या वर्षी भारताकडे आला. याच वेळी अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचे करार बंद करून महिन्या-दोन महिन्यांपुरतेच धान्य मंजूर करण्याचे धोरण अवलंबिले. भारताने शेतीकडे लक्ष द्यावे हा त्यांचा एक हेतू होता आणि तो प्रामाणिक होता. पण व्हिएतनामच्या युद्धाविषयी भारतीय नेत्यांनी केलेली टीकाही त्यांना बोचत होती, आणि जहाजे सोडण्याचा हुकूम कधी निघेल हे त्यांच्या मर्जीवर राहिले. जहाज बंदराला लागेपर्यंत देशाच्या रेशनची खात्री नसे. ज्या धान्याने मैत्री दाखवायची तेच धान्य लगाम म्हणून वापरले गेले, आणि सार्वजनिक राजनय व दबाव एकाच पोत्यात राहू शकत नाहीत, हे या दोन वर्षांत सर्वांसमोर उघड झाले. लालबहादूर शास्त्री यांनी देशाला सोमवारी एक वेळ उपास करण्याचे आवाहन केले ते याच पार्श्वभूमीवर. जून १९६६ मधील रुपयाच्या अवमूल्यनाने, ज्यामुळे डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, अपमानाची भावना आणखी धारदार केली.

या लगामाचा जो परिणाम झाला तो देणाऱ्याच्या मनात नव्हता, आणि त्याची मराठी बाजू यवतमाळ जिल्ह्यातूनच उभी राहिली. पुसद तालुक्यातील गहुली या गावी १ जुलै १९१३ रोजी बंजारा समाजात जन्मलेले वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले होते. पुण्यात शनिवारवाड्यासमोर १९६५ मध्ये झालेल्या सभेत, दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्याच्या बाबतीत स्वावलंबी झाला नाही तर आपल्याला याच जागी फाशी द्यावी, असे त्यांनी जाहीर केले. या उद्गाराला नाट्याचा रंग असेल. पण तो काढणारा माणूस कोरडवाहू मुलखात वाढलेला शेतकरी होता आणि रेशनच्या रांगेतील अपमान त्याला जिव्हारी लागलेला होता. त्यांच्या कारकिर्दीत राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे उभी राहिली, आणि त्यांतील १९६९ च्या अकोला विद्यापीठाला पंजाबराव देशमुख यांचे नाव मिळाले. नाईकांनी सर्वांत मोठी आशा संकरित ज्वारीवर ठेवली. लोकांनी तिला ‘हायब्रीड’ हे नाव दिले.

सीएसएच-१ हे देशातील पहिले संकरित ज्वारीचे वाण १९६४ मध्ये प्रसारित झाले. त्याचा मादी वाण, कंबाइन काफिर ६०, अमेरिकेतून आलेला होता. म्हणजे रेशन दुकानात लोक ज्या तांबड्या मिलोला नाके मुरडत होते त्याच अमेरिकी ज्वारी-कुळातील एका शाखेच्या आधारे स्वावलंबनाची योजना शेतात उतरत होती. पोत्यातून आलेल्या ज्वारीने दोन देशांत अंतर निर्माण केले, तर प्रयोगशाळेतून आलेल्या ज्वारीने उत्पादन वाढवले आणि तिचे श्रेय रास्तपणे भारतीय संशोधकांना व शेतकऱ्यांना मिळाले. मात्र हायब्रीडचीही स्वतःची दुखणी होती. तिचे ताट बुटके असल्याने कडबा कमी निघे. ती लवकर पिकत असल्याने कणसे ऐन पावसात सापडून दाणा बुरशीने काळा पडे, आणि खोडमाशीचा उपद्रव मोठा होता. तिच्या भाकरीला गावरान ज्वारीची चव नव्हती. पुढच्या दशकांत विदर्भातील ज्वारीचे क्षेत्र घटत गेले, सोयाबीन आले, आणि सणावाराची गव्हाची पोळी रोजच्या ताटात स्थिरावली. अमेरिकी गव्हाच्या व्यापाराला भारतात ग्राहक तयार व्हावा हाही पीएल ४८० चा एक हेतू होता. ग्राहक तयार झाला, पण तोवर त्याची भूक पंजाब-हरियाणाचा गहू भागवू लागला होता.

धान्याच्या किमतीपोटी भारताने भरलेले रुपये अमेरिकेच्या खात्यावर साठत गेले, आणि हा साठा स्वतःच संशयाचे कारण ठरला. एका परक्या सरकारच्या हाती देशाच्या चलनाचा एवढा मोठा भाग असावा, त्यातून ते कोणाला काय देते हे कळू नये, या चिंतेने संसद आणि वृत्तपत्रे अस्वस्थ होत राहिली. १९७१ च्या युद्धात अमेरिका पाकिस्तानच्या बाजूला झुकली आणि सवलतीच्या धान्याचे पर्व संपले. अखेर १८ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकी राजदूत डॅनियल मॉयनिहन यांनी १६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हाती दिला. तोवरचा तो जगातील सर्वांत मोठ्या रकमेचा धनादेश मानला गेला. दोन दशकांच्या उपकाराचा एवढा मोठा हिशेब कागदाच्या एका तुकड्यावर मिटवूनही लोकांच्या मनातला हिशेब मिटला नाही.

तो मिटू न देणाऱ्या तणाकडे आता परतावे लागेल. गाजर गवताची भारतातील ठळक नोंद पुण्यात १९५५ मध्ये झाली आणि आर. एस. राव यांनी ती १९५६ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पीएल ४८० चा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला. म्हणजे ज्या कायद्याच्या गव्हावर सर्व दोष ठेवला जातो त्या कायद्याखालचा करार होण्याआधीच हे झुडूप पुण्यात उगवलेले होते. ते धान्याबरोबर आले असेल तर १९५१ च्या गहू-कर्जाच्या किंवा अन्य आयातीच्या वाटेने आले असावे. शिवाय वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या नोंदींतही या वनस्पतीचा उल्लेख सापडतो, हे वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिले. तेव्हा ‘पीएल ४८० ने गाजर गवत आणले’ हे विधान इतिहास म्हणून सिद्ध धरता येत नाही. ते लोकांच्या स्मृतीने केलेले निदान आहे. गहू, मिलो, लगाम, रुपयांचा डोंगर या साऱ्या अनुभवांची मोळी बांधायला लोकांना एक दिसणारी, हाताला लागणारी वस्तू हवी होती, आणि ती शेताच्या कडेला दरवर्षी आपोआप उगवत होती.

त्या वस्तूचा त्रास मात्र शंभर टक्के खरा आहे. पुण्यात तिच्या संसर्गाने हात, मान आणि चेहरा सुजलेल्या रोग्यांची संख्या इतकी वाढली की १९७० च्या दशकात त्वचारोगतज्ज्ञांनी तिच्यावर शोधनिबंध लिहिले. पार्थेनिन नावाच्या द्रव्यामुळे त्वचेला खाज सुटते, परागांमुळे दमा बळावतो, आणि गाईने ते खाल्ले तर दुधाला कडवट चव येते. ट्रकच्या चाकांना लागलेल्या चिखलातून, बियाण्यातून, शेणखतातून आणि रस्त्याच्या भरावातून ते देशभर गेले. घाटंजीच्या शिवारात निंदणाला येणाऱ्या बायांना त्याची पहिली ओळख मनगटावरच्या पुरळाने होते, कारण विळ्याने कापले तर ते बुडख्यातून पुन्हा फुटते आणि फुलावर येण्यापूर्वी मुळासकट उपटायचे तर त्याला हात लावावाच लागतो. उपाय म्हणून मेक्सिकोतून एक भुंगा आणून १९८४ मध्ये बंगळूरला सोडण्यात आला. तो पावसाळ्यात पाने खाऊन झाडाची चाळणी करतो, पण उन्हाळ्यात जमिनीत दडून बसतो. त्याहून जवळचा उपाय वऱ्हाडात आधीपासून होता. पहिल्या पावसाबरोबर उगवणारा तरोटा, ज्याला पश्चिम महाराष्ट्रात टाकळा म्हणतात आणि ज्याच्या कोवळ्या पानांची भाजी घाटंजीच्या घराघरांत होते, तो दाट वाढला की गाजर गवताला जागा सोडत नाही. कृषी शास्त्रज्ञांनी नंतर याच उपायाची शिफारस केली.

गहू-व्यवहाराचा सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत कमी अपेक्षिलेला परिणाम मात्र शेतापासून फार दूर, ग्रंथालयांत घडला. साठलेल्या रुपयांचा काही भाग भारतीय पुस्तके विकत घेण्यासाठी वापरावा अशी दुरुस्ती अमेरिकी कायद्यात १९५८ मध्ये झाली, आणि १९६२ पासून वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्ली कार्यालय भारतातील सर्व प्रमुख भाषांतील प्रकाशने गोळा करून शिकागो, पेनसिल्व्हेनिया, बर्कली आदी विद्यापीठांना पाठवू लागले. मराठी कादंबऱ्या, कवितासंग्रह, संतवाङ्मयाच्या आवृत्त्या, चरित्रे, दिवाळी अंक, जिल्ह्यांची गॅझेटिअरे. ज्या पुस्तकांच्या प्रती महाराष्ट्रातील तालुक्याच्या वाचनालयात मिळणे दुरापास्त होते ती अमेरिकी कपाटांत क्रमाने लागू लागली. त्याच सुमारास, १९६१ मध्ये, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था स्थापन झाली आणि तिचे भारतातील पहिले ठाणे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पडले. तिच्या खर्चातही या रुपयांचा वाटा होता.

येथून जी पिढी घडली तिने अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाचा प्रचार केला नाही. एलिनॉर झेलियट यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावर १९६९ मध्ये प्रबंध पूर्ण केला आणि दलित साहित्याला इंग्रजी जगात वाचक मिळवून दिले. गेल ऑम्वेट यांनी बर्कलीहून येऊन महात्मा फुले यांच्या परंपरेचा, ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास केला, सांगली जिल्ह्यातील कासेगावला घर केले, १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले आणि शेतकरी, स्त्रिया व धरणग्रस्त यांच्या लढ्यांत आयुष्य घातले. मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणला मराठी मुलांना वाचायला शिकवण्याचे काम उभारले. शीतयुद्धाच्या आखणीत यांपैकी कशालाही स्थान नव्हते. परंतु दोन समाजांत विश्वासाचे म्हणून जे काही बांधले गेले ते या कपाटांच्या आणि या माणसांच्या आधाराने बांधले गेले, आणि ते बांधताना कोणाला पोत्यावर हस्तांदोलनाचे चिन्ह छापावे लागले नाही.

त्या काळी तिकडे गेलेल्या अनेक मराठी पुस्तकांच्या सूचीपत्रकावर शीर्षक, लेखक आणि प्रकाशनस्थळ यांच्या खाली ‘पीएल ४८०’ ही अक्षरे आणि एक क्रमांक आजही वाचता येतो. रुपयांचा साठा संपत आला तेव्हा या विद्यापीठांनी खरेदी थांबवली नाही; त्यांनी स्वतःच्या अंदाजपत्रकातून डॉलर मोजायला सुरुवात केली, आणि दिल्लीतील ते कार्यालय पुणे, मुंबई, नागपूर येथे छापलेली मराठी पुस्तके अजूनही तिकडे रवाना करते.